प्रतिजैविके कोणाच्या मालकीची?

(चंद्रपूर येथे आरोग्य कार्यकर्ते व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोगजंतू आणि औषधे या विषयावर बोलण्यासाठी आपण अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वैद्यकाचे माझे ज्ञान सामान्य वाचकाचे आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. परंतु एखादी जीवनावश्यक वस्तू कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि एकाने ती वापरल्याचा भुर्दंड दुसऱ्याने कसा भरावा लागतो, हे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत. प्रतिजैविक औषधांच्या बाबतीत ते जितक्या तीव्रतेने उभे राहतात, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या वस्तूच्या बाबतीत राहत असतील.

आपण भाकरी खाल्ली तर शेजाऱ्याच्या भाकरीचा कस कमी होत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. मी अनावश्यक गोळी घेतली की माझ्या शरीरातील जे जंतू त्या गोळीला दाद देतात ते मरतात, जे देत नाहीत ते उरतात व वाढतात. हे उरलेले जंतू माझ्या हातांतून, पाण्यातून, विष्ठेतून दुसऱ्याकडे जातात. इतकेच नव्हे, तर औषधाला न जुमानण्याची आपली शक्ती ते अन्य जातींच्या जंतूंनाही देऊ शकतात. म्हणजे प्रतिकार कमावतो तो जंतू, रोगी नव्हे. आणि ज्याने आयुष्यात कधी ती गोळी पाहिलेली नाही अशा एखाद्या तान्ह्या बाळालाही त्याचे मोल द्यावे लागते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. विकणारा नफा घेतो, घेणारा तात्पुरते समाधान घेतो, आणि तोटा अशा माणसाच्या खात्यावर पडतो जो या व्यवहारात कुठेच नव्हता. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच या धोक्याचा इशारा दिला होता. औषध ज्याच्या त्याच्या हाती सहज पडू लागले, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी निर्ढावतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर ऐंशी वर्षे उलटली आहेत. एका व्यापक आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे झाले.

परंतु जगाचे आकडे सांगण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही. या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की ती समजावून घेण्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा दुसरी नाही. ती बाजू मी आपल्यापुढे मांडू इच्छितो.

औषधावाचून मरणारे

शहरातील सुशिक्षित मंडळींत प्रतिजैविकांचा विषय निघाला की बोलणे एकाच अंगाने जाते: लोक फार गोळ्या खातात, त्यांना आळा घाला. हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे गडचिरोलीने जगाला दाखवून दिले.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. १९८६ पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे काम तेथे सुरू झाले. लहान मुलांना होणारा न्यूमोनिया, ज्याला आपल्या विदर्भात ‘डबा’ म्हणतात, हा तेथील बालमृत्यूंचे मोठे कारण होता. औषध ठाऊक होते, स्वस्त होते. पण औषध आणि मूल यांच्यामध्ये नदी, जंगल आणि बुडालेली मजुरी उभी होती. तेव्हा गावातील आरोग्यसेवक व दाया यांना न्यूमोनिया ओळखण्याचे आणि कोट्रायमॉक्झॅझोल हे औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या दाईला अंक मोजता येत नाहीत तिने मुलाचे श्वास कसे मोजावेत? त्यासाठी मण्यांचे एक साधे साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळूचे मिनिट संपेपर्यंत किती मणी सरकले ते पाहायचे.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत ते १७.५ होते. उपचार झालेल्या ६१२ आजारांत दगावण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले. उपचार न मिळालेल्या भागात ते शेकडा १३.५ होते.

पुढची पायरी नवजात बालकांची. १९९५–९६ मध्ये ‘सर्च’ने ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची त्यांच्या घरीच नियमित पाहणी केली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरने पाहिलेली बाळे होती शेकडा २.६, आणि इस्पितळात पोहोचलेली शेकडा ०.४. जी बाळे गेली त्यांच्यापैकी निम्मी जंतुदोषाने गेली. मग गावातल्याच स्त्रियांना, ज्यांना तेथे आरोग्यदूत म्हणतात, काही ठरावीक खुणा शिकवण्यात आल्या: रडणे मंद होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग लुळे पडणे, छाती आत ओढली जाणे, अंग गार किंवा कढत लागणे, पोट फुगणे, बेंबीला पू येणे. अशा दोन खुणा एकदम दिसल्या की आईबापांना इस्पितळात जाण्याचा सल्ला द्यायचा. त्यांना जाणे शक्य नसेल तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने औषध द्यायचे. या जंतुदोषाने दगावण्याचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. ३९ गावांतील नवजात मृत्यूंचा दर, जो आधी हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. भारत शासनाने २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरोघर भेट सुरू केली तिचे मूळ येथे आहे; मात्र सुई देण्याचा अधिकार ‘आशां’ना दिला गेला नाही. २०१४ साली तो परिचारिकांपर्यंत, म्हणजे एएनएमपर्यंत आला.

मी हे तपशिलाने सांगितले त्याला कारण आहे. ‘डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविक नाही’ हा नियम मुंबईत शहाणपणाचा आहे. तोच नियम एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या आतल्या गावात, जेथे पावसाळ्यात डॉक्टर आणि रोगी यांची गाठ पडत नाही, तेथे शब्दशः लावला तर तो मृत्यूचा हुकूम ठरतो. अतिवापराची चर्चा करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये की औषध न मिळाल्याने मरणाऱ्यांची संख्या आजही लहान नाही.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गावातल्या सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई दिली तर औषध उधळले जाईल आणि जंतू निर्ढावतील, असा तो आक्षेप आहे. वरवर पाहता तो वजनदार वाटतो. पण औषध प्रत्यक्षात कोण उधळीत आहे हे आपण पाहू.

भारतातील खाजगी बाजारात विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांचा २०१९ च्या आकड्यांवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. देशातील एकूण वापरापैकी ८५ ते ९० टक्के याच क्षेत्रात होतो. दरडोई वापर इतर अनेक देशांहून कमी असल्याचे त्यात दिसले. तरीही त्या वापरापैकी सुमारे ४७ टक्के औषधे अशी होती की त्या मिश्रणाला वा प्रकाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यताच नव्हती. म्हणजे आपला देश सरासरीने फार गोळ्या खातो हेही खरे नाही. ज्याला हवी त्याला मिळत नाही, आणि ज्याला नको त्याच्या गळी चुकीची उतरवली जाते, अशी येथील स्थिती आहे. धान्याच्या कोठारांशेजारी भूक असते, हे आपण अर्थशास्त्रात शिकवीत आलो. औषधांच्या वाटपातही तेच चित्र आहे.

गेल्या पावसाळ्यात मला साधे पडसे झाले होते. एका खाजगी दवाखान्यात गेलो, तर नाडीलाही हात न लावता दोन प्रतिजैविकांचे मिश्रण आणि एक सुई लिहून मिळाली. मी ती घेतली नाही आणि पाच दिवसांत बरा झालो. परंतु मला नाही म्हणता आले ते मी पेन्शनर आहे म्हणून. रोवणीच्या दिवसांतील मजूर बाई काय करील? तिला उद्या बांधीवर उभे राहायचे आहे. तपासणीला लागणारे पैसे गोळ्यांच्या पाकिटाहून अधिक आहेत, तपासणीचा निकाल यायला लागणारे दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी आहे. डॉक्टरलाही ठाऊक आहे की सुई दिली नाही तर रोगी पुढच्या दवाखान्यात जाईल. अशा वेळी प्रतिजैविक हे निदानाच्या जागी वापरले जाते. यात लोकांचे अज्ञान किती आणि बाजाराची रचना किती, याचा विचार केल्याशिवाय ‘जनजागृती’चे फलक लावणे हे आपले समाधान करून घेणे होय.

आता त्या आरोग्यदूत स्त्रीशी याची तुलना करा. तिच्याकडे दोनच औषधे आहेत. कोणत्या खुणा दिसल्यावर द्यायची हे ठरलेले आहे. प्रत्येक बाळाची नोंद ती लिहून ठेवते, आणि ती नोंद दुसरे कोणीतरी येऊन तपासते. औषध अधिक दिल्याने तिला एक पैसाही अधिक मिळत नाही. प्रतिजैविकांच्या विवेकी वापराचे याहून चांगले उदाहरण मला मोठमोठ्या इस्पितळांतही सहज सापडत नाही. वापर विवेकी होतो तो पदवीने नव्हे. नियम, नोंद, देखरेख आणि नफ्यापासून मुक्तता यांनी होतो.

एकटे औषध किती काळ पुरते?

औषधाची धार जाते म्हणजे काय, हे या जिल्ह्याने पूर्वी एकदा अनुभवले आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. त्या काळी डॅप्सोन या गोळ्यांनी कुष्ठरोग्यांच्या जीवनात आशा आणली होती. कुष्ठरोग हाही जंतूचाच आजार. वर्षानुवर्षे हे एकच औषध दिले गेले, आणि १९६४ साली मलायात या औषधाला न जुमानणारे जंतू प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढे इतर देशांतही तोच अनुभव आला. अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. एका औषधाला चकविणारा जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा, हा त्यामागील साधा हिशेब. १९८३ मध्ये भारताचा राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम याच पद्धतीवर उभारला गेला, औषधे मोफत मिळाली, रोगी घरोघर शोधले गेले, आणि रोगाचे प्रमाण विलक्षण वेगाने खाली आले.

येथे दोन धडे आहेत. पहिला असा की, प्रतिकारावर मात करता येते, पण ती सार्वजनिक यंत्रणेने, ठरलेल्या पद्धतीने आणि सर्वांना औषध पुरवून. दुसरा धडा कडू आहे. २००५ च्या अखेरीस देशाची सरासरी दर दहा हजारांत एकाहून खाली गेली, आणि सार्वजनिक प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपला अशी घोषणा झाली. घरोघर शोध घेण्याची निकड ओसरली. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मात्र महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत राहिलेच. देशाच्या सरासरीत जंगलातला माणूस हरवतो, याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावे इतके बोलके आहे.

मोजणीवाचून निदान नाही

आता मी देखरेखीकडे, म्हणजे रोगांच्या मोजणीकडे येतो. माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफस या तापाची साथ आली. गवत-झुडपांतील अतिसूक्ष्म कीटकाच्या अळीने चावल्याने हा जंतू शरीरात शिरतो. डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त गोळीने तो आटोक्यात येतो. परंतु हा जंतू पेशीच्या आत राहणारा असल्यामुळे पेनिसिलिन किंवा आज सर्रास टोचली जाणारी सेफॅलोस्पोरिन वर्गाची महागडी इंजेक्शने त्याच्यावर चालत नाहीत. म्हणजे गवत कापणाऱ्या, गुरे चारणाऱ्या माणसाला आठ दिवस शेकडो रुपयांची सुई दिली तरी ताप हटत नाही, आणि काही रुपयांच्या गोळीअभावी तो दगावू शकतो. आपल्या भागात कोणत्या महिन्यात कोणता ताप आहे, हे डॉक्टरला ठाऊक असेल तर योग्य औषध पहिल्याच दिवशी मिळते आणि अनावश्यक औषध वाचते. मोजणी ही दिल्लीला पाठवायच्या अहवालासाठी नसते. ती उद्या सकाळी येणाऱ्या रोग्यासाठी असते.

देशात जंतूंच्या प्रतिकाराची मोजणी होत नाही असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून त्यासाठी प्रयोगशाळांचे जाळे उभारले असून त्याचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात. परंतु या जाळ्याचा आधार मुख्यतः मोठी शिकविणारी रुग्णालये हा आहे. अशा ठिकाणी येणारा रोगी आधीच तीन दवाखाने आणि चार औषधे करून आलेला असतो. त्याच्या रक्तातील जंतूंवरून कोरची किंवा जिवती तालुक्यातील बाळाला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येत नाही. मोठ्या इस्पितळांची स्थिती किती गंभीर आहे, हे दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांविषयीच्या २०१६ सालच्या अभ्यासाने दाखवून दिले. तेथे बाळांच्या रक्तात सापडलेल्या असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएला जंतूंपैकी ५४ टक्के एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे होते. आपण बाळंतपणे घरातून इस्पितळात आणली, ते योग्यच केले. पण ज्या इस्पितळात हात धुवायला पाणी नाही आणि एका खाटेवर दोन बाळंतिणी आहेत, तेथे आपण बाळाला एका संकटातून काढून दुसऱ्यात टाकतो, याचे भान ठेवावे लागेल.

आणि जंतू मोजण्याआधी माणसे मोजावी लागतात. महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. शासनाच्या दफ्तरात नोंदले गेलेले बालमृत्यू प्रत्यक्षातील मृत्यूंहून पुष्कळ कमी आहेत, हे त्याने गावोगावच्या मोजणीने उघड केले. गडचिरोलीच्या प्रयोगातही आकडे विश्वासार्ह ठरले ते प्रत्येक जन्म व मृत्यू गावात राहणाऱ्या माणसाने नोंदवला आणि दुसऱ्या यंत्रणेने तो पडताळला म्हणून. शासनयंत्रणेत मात्र उलटे घडते. ज्या परिचारिकेने मृत्यू प्रामाणिकपणे लिहिला तिलाच कारणे दाखवा नोटीस मिळते. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा करणारी यंत्रणा खोटे आकडे गोळा करील, यात तिच्या कर्मचाऱ्यांचा दोष कमी आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत आपण थोडे शहाणे झालो. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी नोंदवले. आधी नकार, मग धावपळ झाली, आणि मे २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद शासनाकडे करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. २०१४ पासून औषधविक्रीच्या एच-१ परिशिष्टाखाली अनेक प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने स्वतंत्र वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची आहे. म्हणजे प्रत्येक मेडिकल दुकानात देखरेखीचे एक साधन कायद्याने ठेवलेले आहे. ती वही तपासनीस आला की दाखवायची वस्तू झाली आहे. तिच्यातून तालुक्याच्या आजारांचे चित्र काढण्याचे काम कोणाकडे सोपवलेले नाही.

सामाईक ठेवीची राखण

प्रतिजैविकांची परिणामकारकता ही सामाईक ठेव आहे, असे मी म्हटले. सामाईक वस्तूंची नासाडी अटळ असते, असा एक सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि अखेर कुरण उजाड होते. यावर उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी दंडुका, असे पुष्कळांनी त्यातून अनुमान काढले. ते चूक होते हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी जगभरच्या उदाहरणांनी सिद्ध केले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक एकत्र बसून नियम करतात, मोजतात, नियम मोडणाऱ्याला आवर घालतात, तेथे सामाईक ठेव टिकते.

पण आपल्याला त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हेच केले. सारे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचे, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, ही त्यांची रीत. त्यांनी आपले जंगल राखले, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार घेतला. किती बांबू तोडायचा आणि किती राखायचा हे गाव ठरवते, कारण पुढच्या पिढीचा बांबू त्याच रांजीतून येणार आहे. जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिन यांची स्थिती त्या बांबूच्या रांजीसारखीच आहे. फरक एवढाच, की बांबू तोडलेला डोळ्यांना दिसतो, औषधाची धार गेलेली दिसत नाही. ती दिसावी यासाठीच मोजणी हवी.

बाजार नवी औषधे आणील आणि जुनी गेली तरी चिंता नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने बाजाराचा हिशेब पाहावा. रक्तदाबाची गोळी जन्मभर विकली जाते. प्रतिजैविक सात दिवस विकले जाते, आणि नवे असेल तर ते जपून, कमीत कमी वापरा असे सांगावे लागते. अमेरिकेतील अ‍ॅकाओजेन या कंपनीला २०१८ मध्ये नव्या प्रतिजैविकासाठी मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ज्या वस्तूचे सामाजिक मूल्य ती न विकण्यात आहे, ती नफ्यावर चालणारी व्यवस्था पुरवू शकत नाही. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा करणाऱ्यांना याची जाण होती. १९७५ च्या हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला औषधनिर्मितीत अग्रस्थान द्यावे आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकावीत अशी शिफारस केली होती. तो अहवाल आजही धूळ झटकून वाचण्याजोगा आहे.

काय करता येईल?

आपण कार्यकर्ते आहात, म्हणून शेवटी चार मागण्या ठेवतो. त्यांपैकी एकही अवास्तव नाही.

पहिली : चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे किंवा असायला हवा. त्या विभागांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून व ग्रामीण रुग्णालयांतून नमुने आणण्याची व्यवस्था करावी आणि जिल्ह्यात कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध करावा. तो प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लागावा.

दुसरी : प्रत्येक मृत्यूची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूची नोंद ग्रामसभेत वाचली जावी. गावाला ठाऊक असलेले मरण दफ्तरात नाही, असे मग घडणार नाही. आणि खरी नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटीस देण्याची प्रथा बंद व्हावी.

तिसरी : दुर्गम गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रीच्या हाती मोजकी प्रतिजैविके, ठरलेल्या नियमाने आणि देखरेखीखाली देण्याचा गडचिरोलीचा मार्ग शासनाने आपला मानावा. ‘आशा’ कार्यकर्तीला तुकड्या-तुकड्यांच्या मोबदल्यावर राबवणे थांबवून नियमित वेतन द्यावे. जिच्यावर आपण बाळाचा जीव सोपवतो तिला कर्मचारी म्हणण्यासही आपण कचरतो, हे लाजिरवाणे आहे.

चौथी : औषध दुकानांच्या एच-१ वह्यांचा तालुकावार गोषवारा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी जाहीर करावा. कोणत्या गावात कोणते औषध किती खपते, हे नागरिकांना कळू द्या. ज्याच्या खर्चाने ही ठेव झिजते आहे, त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे.

या चौघींना लागणारा पैसा मोठा नाही. न्यूमोनियाच्या प्रयोगात औषधाचा खर्च वाचलेल्या प्रत्येक मुलामागे तीन डॉलरहूनही कमी होता. लागते ती चिकाटी, आणि आकडे खाली दाखवण्यापेक्षा ते खरे असावेत असे वाटण्याची वृत्ती. उद्या आपण आपापल्या तालुक्यात परत जाल. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : गेल्या वर्षी आपल्या भागात तापाने गेलेल्या मुलांपैकी किती जणांचे कारण आपल्याला ठाऊक आहे? उत्तर लेखी मागा. ते येईल तेव्हा ग्रामसभेत वाचा, आणि आले नाही तर तेही वाचून दाखवा.